नाताळात सासू-सासऱ्यांना घेऊन पहिला परदेश प्रवास: आमचा बेत बघून सांगा

पंचगंगेकाठी (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. या डिसेंबरात आम्ही घरचे पाचजण पहिल्यांदाच देशाबाहेर निघतोय. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासू-सासरे. सासरे एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले, वय 71. मध्यंतरी अँजिओप्लास्टी झाली, पण आता तब्येत छान आहे, रोज सकाळी रंकाळ्याला फेरी असते. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे जिने नको असतात. त्या शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. आमची शिरोलीला छोटी फौंड्री आहे. डिसेंबरअखेरीला ऑर्डरी जरा सैल होतात आणि माझ्या शाळेलाही तेव्हाच सुट्टी, म्हणून 19 डिसेंबरच्या रात्री मुंबईहून निघून 2 जानेवारीला परतीचं विमान, एवढं पक्कं केलंय.

हा प्रवास खरं म्हणजे अण्णांसाठी, माझ्या सासऱ्यांसाठी आहे. आयुष्यभर त्यांनी रातराणी चालवली. लोक गावांना फिरायला जायचे, हे त्यांना स्टँडवर सोडून तिथेच गाडीत डुलकी काढायचे. मागच्या वर्षी टीव्हीवर बर्फ पडताना बघून म्हणाले, "हे एकदा हातात घेऊन बघायला पाहिजे." माणूस कधी काही मागत नाही. तेव्हाच मी ठरवलं. लेकीला नाताळची रोषणाई आणि बाजार बघायचेत, म्हणून मग दोन्ही एकत्र जमवूया असं वाटलं.

बेत असा आहे: 20-21 पॅरिस, 22-23 ॲमस्टरडॅम, 24 ला कोलोन (तिथला कॅथेड्रलसमोरचा नाताळ बाजार खास नाताळच्या संध्याकाळी बघायला), 25-26 ल्युसर्न आणि युंगफ्राऊ, 27 व्हेनिस, 28-29 रोम, तिथून विमानाने व्हिएन्ना 30-31, आणि शेवटची रात्र प्राग. बाकी सगळं रेल्वेने. एक्सेलमध्ये गाड्यांच्या वेळा काढून ठेवल्यात. बजेट विमानासकट 14 लाख, फार तर 15.

विचारायचंय ते असं. हे झेपेल का? नसेल तर काय गाळू? व्हिसा कोणत्या देशाचा काढायचा? बर्फ नक्की मिळेल का? आणि आईंच्या जेवणाचं काय करायचं? जे गेलेत किंवा तिकडे राहतात त्यांनी मोकळेपणाने सांगा. पुन्हा असा योग कधी येईल माहीत नाही, म्हणून नीट करायचंय.

---

घाटमाथा (व्हिएन्ना, मूळचा लोणावळ्याचा)

ताई, तुमचा धागा वाचला आणि लगेच लिहायला बसलो. अण्णांची इच्छा पुरी व्हायलाच हवी, आणि ती याच खर्चात होईल. पण हा बेत मात्र मोडा.

नाताळात युरोप फिरताना लोक आधी गावांची यादी करतात आणि मग त्यात तारखा बसवतात. इथे उलटं करावं लागतं. आधी 24, 25 आणि 26 डिसेंबरला कुठे असायचं ते ठरवायचं, मग बाकीची गावं त्याभोवती लावायची. कारण इथला नाताळ म्हणजे आपल्या लक्ष्मीपूजनासारखा घरातला सण. जर्मनी-ऑस्ट्रियात भेटवस्तू 24 च्या संध्याकाळीच उघडतात, आणि त्या दुपारपासून गाव घरात जातं. दोनच्या आसपास दुकानांची शटरं खाली. 25 आणि 26 दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या. यंदा 25 ला शुक्रवार आहे, म्हणजे 26 शनिवार आणि 27 रविवार, आणि रविवारी इथे वाणसामानाची दुकानं बंदच असतात. गुरुवारी दुपारी बंद झालेलं दुकान थेट सोमवारी 28 ला उघडणार. मोठ्या रेल्वे स्टेशनातलं एखादं दुकान आणि कबाबवाले तेवढे सापडतील. पाच माणसांचं घर, त्यात एक पथ्याचं आणि एक बिनअंड्याचं जेवण, असं असताना हे आधी माहीत असायला हवं.

आता तुमचा 24 चा मुक्काम बघा. कोलोनचा कॅथेड्रलसमोरचा बाजार दरवर्षी 23 ला आटोपतो. तुम्ही पोचाल तेव्हा माणसं लाकडी गाळे उतरवत असतील. बहुतेक जर्मन बाजारांचं असंच आहे, 23 नाहीतर 24 ला दुपारी संपतात. नाताळचा बाजार हा नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचा असतो. लेकीला तो बघायचा असेल तर पहिले तीन-चार दिवस त्यालाच द्या.

दुसरी गोष्ट उजेडाची. त्या दिवसांत इथे सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि चार-सव्वाचारला मावळतो. आठ तासांचा दिवस. तुमच्या बेतात सात वेळा मुक्काम हलवायचाय. पाचजणांच्या बॅगा, खोली सोडणं, स्टेशन, गाडी, पुन्हा नवी खोली शोधणं. इतक्या छोट्या दिवसात मुक्काम हलवला की तो अख्खा दिवस गेलाच. अण्णांच्या वाट्याला पुन्हा स्टँड आणि डुलकीच येईल.

तिसरी गोष्ट बर्फ. पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, यांतल्या कुठल्याच शहरात डिसेंबरात बर्फ मिळेलच असं नाही. बहुतेक वेळा राखाडी आभाळ आणि बारीक पाऊस असतो. बर्फ हवा तर डोंगरात जायचं. आणि बंद दिवसांचं कोडंही तिथेच सुटतं. गावातली दुकानं 25 ला बंद असली तरी डोंगरावरचे रोपवे चालू असतात, कारण स्कीइंगचा ऐन हंगाम तो. म्हणजे बंदचे दिवस डोंगरावर काढायचे.

म्हणून मी सुचवतो ते असं. मुंबईहून म्युनिकला उतरा आणि तीन रात्री तिथे राहा. तिथल्या मुख्य चौकातला, मारिएनप्लाट्झचा बाजार 24 च्या दुपारपर्यंत असतो, रविवारीही चालू. हौस असेल तर एक दिवस न्यूर्नबर्गला जाऊन या, वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आत. 23 ला रेल्वेने इन्सब्रुक, पावणेदोन तासांच्या आसपास. तिथे चार रात्री, स्वयंपाकघर असलेलं घर घेऊन. 27 ला साल्झबुर्ग, दोन तासांच्या आत. 29 ला व्हिएन्ना, अडीच तास. 2 ला तिथूनच परत. विमानाचं तिकीट काढताना जाणं म्युनिकचं आणि येणं व्हिएन्नाचं असं घ्या, जाऊन-येऊन एकाच गावाचं काढायची गरज नसते. म्युनिकहून दक्षिणेला इन्सब्रुक, तिथून पुढचा रस्ता पूर्वेकडे, आणि कुठलाही रेल्वे प्रवास तीन तासांवर नाही. अण्णांना खिडकी द्या.

युंगफ्राऊबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. जागा अप्रतिम आहे. 1912 पासून रेल्वे तिथवर जाते, युरोपातलं सर्वांत उंच स्टेशन. पण ते 3,454 मीटरवर आहे आणि हवा विरळ असते. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला दीड-दोन तासांत तिथे चढवण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावंच लागेल. इन्सब्रुकला भर गावातून नॉर्डकेटेचा रस्ता निघतो. आधी हुंगरबुर्गपर्यंत रुळांवरची गाडी, मग झेग्रुबेपर्यंत रोपवे, तिथून वर हाफेलेकार. झेग्रुबे 1,905 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा अडीचशे मीटर उंच. तिथे गरम खोलीचं उपाहारगृह आहे, काचेतून पलीकडचे आल्प्स दिसतात आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की बर्फ. हाफेलेकार सुमारे 2,250 मीटरवर. अण्णांनी झेग्रुबेला अर्धा-पाऊण तास बसावं, बरं वाटलं तर वर जावं, नाहीतर तिथेच मुठी भराव्यात. डॉक्टरांचा सल्ला यासाठीही घ्या, पण हा प्रश्न विचारायला सोपा आहे.

एक गोष्ट मात्र पाळा. वर जायचा दिवस आधी पक्का करू नका. चारातला जो दिवस निरभ्र उजाडेल तो पकडायचा. इन्सब्रुकला चार रात्री म्हणतोय ते यासाठीच. ढगात गेलं तर हातात बर्फ येईल, पण डोळ्यांपुढे पांढरा पडदा.

चालण्याबद्दल. गोठलेल्या फुटपाथवर इथे बारीक खडी टाकतात. ती दिसेल तिथूनच चाला, चकाकणारा काळा पट्टा दिसला की टाळा. पावलं छोटी, गुडघे जरा सैल, आणि हात खिशात नाहीत. हात मोकळे राहावेत म्हणून सगळ्यांना हातमोजे घ्या. आईंसाठी बुटांवर चढवायचे रबरी पट्टे मिळतात, खाली छोटे काटे असतात, ते आणा. बूट कोल्हापुरातच घ्या, पाणी आत न जाणारे, एक नंबर मोठे म्हणजे जाड मोजे बसतील, आणि नोव्हेंबरभर रंकाळ्याला तेच घालून फिरा. नवे बूट विमानात पहिल्यांदा चढवले की दुसऱ्या दिवशी टाच सोलते.

---

डोंबिवलीचे आजोबा

सूनबाई, तुमच्या सासऱ्यांबद्दल वाचून बरं वाटलं. वरच्या प्रतिसादातला अभ्यास मोठा आहे, पण मी दुसरी बाजू मांडतो. मी आणि सौ. निवृत्तीनंतर मराठी ग्रुप टूरने युरोपला गेलो होतो. हायवेवरच्या एका थांब्यावर सौ.चा बीपी एकदम उतरला. टूर मॅनेजर मुलगा सव्वीस-सत्तावीसचा असेल. त्याने डॉक्टरांना बोलावलं, विमा कंपनीला फोन लावला, त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं, आणि बाकीच्या गाडीला हॉटेलवर पाठवून स्वतः आमच्याजवळ थांबला. मी एकटा असतो तर कुणाला काय सांगणार होतो? आणि रोज रात्री वरण-भात, पोळी, कधी मुगाची खिचडी. दमलेल्या माणसाला त्याची किंमत कळते.

तुम्ही दोघं तरुण आहात, इंग्रजी येतं, हे खरं. पण सगळी जबाबदारी तुमच्यावर पडली तर तुमची सुट्टी कुठे राहिली? एकदा टूरचाही विचार करा.

---

घाटमाथा

आजोबा, तुमचं म्हणणं मला पटतं. वरण-भाताचंही आणि त्या मुलाचंही. दोघंच ज्येष्ठ जात असतील तर मीही टूरच सांगेन.

इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. टूरची बस ठरल्या वेळी सुटते, त्यामुळे निरभ्र दिवसाची वाट बघता येत नाही. आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला एखाद्या सकाळी "आज मी घरीच बसते" म्हणायची मुभा हवी असते. पण आजारपणाचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि त्याची सोय आधीच करावी. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. तेवढ्यावर थांबू नका. आधीपासून असलेल्या हृदयविकारामुळे तातडीचे उपचार लागले तर ते त्यात बसतात का, हे पॉलिसीच्या कागदावर लिहिलेलं वाचून घ्या, एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. प्रीमियम वाढेल, तो द्या. अण्णांच्या गोळ्यांची इंग्रजीतली चिठ्ठी, घटकांच्या नावांसकट, हातातल्या बॅगेत असू द्या, आणि गोळ्याही तिथेच, सामानाच्या बॅगेत नकोत. युरोपभर तातडीचा नंबर 112 आहे आणि इंग्रजीत बोललेलं समजतं.

पैशांचंही एक सांगतो. टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, पहिल्या रुपयापासून कापला जातो. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. स्वतः बुकिंग करून फॉरेक्स कार्डवर पैसे भरले तर माणशी वर्षाला 10 लाखांपर्यंत तो लागत नाही.

---

गोदावरी_तीर (नाशिक)

व्हिसाचं मी लिहिते, कारण आई-बाबांना घेऊन यातून गेलेय.

ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाचा व्हिसा. रात्री समसमान असतील तरच पहिल्यांदा जिथे उतरणार तो देश. घाटमाथा यांच्या बेताने ऑस्ट्रियात दहा रात्री आणि जर्मनीत तीन, म्हणजे विमान म्युनिकला उतरत असलं तरी अर्ज ऑस्ट्रियाचा. तुमच्या मूळ बेतात हे पटकन कळलं नसतं: चार देशांत दोन-दोन रात्री, पण व्हेनिस-रोम मिळून इटलीत तीन, म्हणजे अर्ज इटलीचा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो. निकाल साधारण 15 दिवसांत लागतो, पण 45 दिवसही लागू शकतात. नाताळसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात अपॉइंटमेंट मिळवायला झुंबड असते. पाचजणांना एकाच दिवशी जवळजवळच्या वेळा हव्यात, म्हणून गणपतीआधीच करून टाका. फी मोठ्यांना 90 युरो, सहा ते बाराच्या आतल्या मुलांना 45, व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. तुमची लेक बाराच्या आत आहे तर तिचे बोटांचे ठसे घेत नाहीत. तिचा जन्मदाखला मात्र घ्या, आणि पासपोर्टवरचं नाव दाखल्याशी अक्षर न अक्षर जुळतंय ना ते आजच बघा. सगळ्यांचे पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालायला हवेत आणि दहा वर्षांच्या आत काढलेले हवेत.

फौंड्रीवाल्यांसाठी: उद्यम नोंदणी, जीएसटीचं प्रमाणपत्र, तीन वर्षांचे आयटीआर, धंद्याचं आणि घरचं अशी दोन्ही खात्यांची स्टेटमेंट्स बँकेच्या शिक्क्यासह. तुमचं शाळेचं रजेचं पत्र, त्यात रुजू होण्याची तारीख लिहिलेली. सासऱ्यांचं पेन्शन असेल तर त्याचा कागद, आणि त्यांचा खर्च तुमचे मिस्टर करणार असल्याचं पत्र. अर्जाआधी आठवड्यात कुणाच्या खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका. तिकडे बसलेला माणूस शिल्लक किती आहे त्यापेक्षा ती कशी जमत आली हे बघतो. आणि सोबत एक साधं पत्र जोडा: आम्ही कोण, का चाललोय, कुठल्या रात्री कुठे, परत का येणार. तुम्ही अण्णांबद्दल वर जसं लिहिलंत तसंच इंग्रजीत लिहा, खरं ते कळतं.

हॉटेलं फुकट रद्द होणारी घ्या. विमानाचं नुसतं आरक्षण दाखवलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं, पण वकिलातीची यादी वाचून मगच ठरवा.

विमानाबद्दल अजून एक. दिल्लीवरून जोडविमान स्वस्त दिसेल. डिसेंबरअखेरीला दिल्लीचं धुकं म्हणजे भरवसा नाही, मुंबईहूनच निघा. आणि 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर नवी पद्धत आलीय, पहिल्यांदा येणाऱ्यांची नोंद आणि फोटो तिथेच घेतात. रांगेला वेळ लागतो. मध्ये कुठे युरोपातच विमान बदलायचं असेल तर दोन विमानांत तीन तास ठेवा.

---

मिरजेची_सई (न्यूर्नबर्ग)

ताई, मी मिरजेची, म्हणजे आपण शेजारीच. इथे नर्स आहे, आईच्या हातचं सामान आणायचं म्हणून या नियमांची पारायणं झालीत.

दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खवा घातलेलं काहीही नाही, पनीर नाही. घरचं साजूक तूप सासूबाई प्रेमाने भरून देतील, आणि कस्टमवाला ते समोर कचऱ्यात टाकेल. तूप इथे भारतीय दुकानात मिळतं, म्युनिकला उतरल्यावर घ्या. फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नाहीत, कढीपत्तासुद्धा नाही. चालतं काय तर भडंग, चिवडा, तेलातल्या चकल्या, मेतकूट, भाजणी, पोहे, डाळ-तांदूळ, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, कांदालसूण मसाला. एक छोटा कुकर घ्या, पण आधी घरमालकाला विचारा शेगडी कुठली आहे. इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापणार नाही, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा आणा.

24 ची खरेदी 23 लाच करून टाका. दूध, दही, बटाटे, कोबी, टोमॅटो, ब्रेड. 24 ला सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

बाजारात आईंसाठी: भाजलेले चेस्टनट कागदी पुडीत गरमागरम मिळतात, साखरेत परतलेले बदाम, उकडलेला मका, फ्रेंच फ्राइज. बटाट्याच्या थालीपिठासारखं जे दिसतं त्यात बहुतेकदा अंडं असतं, चीजच्या शेवयांसारखं जे असतं त्यातही. केकबिस्किटांत तर असतंच. "ओहने आय" म्हणजे अंडं नको, एवढं पाठ करा.

आणि लेकीला सांगा, लहान मुलांसाठी दारूशिवायचा गरम मसालेदार रस मिळतो, किंडरपुन्श मागायचा. तो चिनी मातीच्या कपात येतो आणि कपाची अनामत वेगळी घेतात, काही युरो. कप परत केला की पैसे परत, नाही केला तर कप तुमचा. कपावर त्या गावाचं चित्र आणि बहुतेकदा वर्ष असतं. माझ्याकडे आलेली सगळी मंडळी कप घेऊनच जातात, त्यामुळे बॅगेत एक जुना टॉवेल असू द्या गुंडाळायला.

---

पंचगंगेकाठी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. अण्णा एकदाच बोलले, "कळसूबाईपेक्षा उंच काय?" आणि मग बराच वेळ त्या रोपवेचा नकाशा मोबाईलवर मोठा करून बघत बसले. गाडी वळणावर कशी घेत असतील, ब्रेक कुठला असेल, हेच चाललंय. पॅरिस-रोम गाळलं. यांना थोडं वाईट वाटलं, पण आठ तासांचा दिवस हा मुद्दा त्यांनाही पटला.

डोंबिवलीचे आजोबा, तुमचाही विचार केला. आई म्हणाल्या, "मला सकाळी घरी बसायची मुभा पाहिजे," तिथेच ठरलं. सोमवारी अण्णांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, 1,905 आणि 2,250 हे आकडे कागदावर लिहून नेणार आहे.

आता शेवटचे दोन प्रश्न. 31 च्या रात्री व्हिएन्नात काय करायचं, दोघा ज्येष्ठांना गर्दीत न्यायचं का? आणि व्हिएन्नात एक दिवस उरतोय, त्याचं काय करू?

---

घाटमाथा

डॉक्टरांकडे आकडे घेऊन जाताय हे उत्तम.

31 ला गावाच्या मध्यभागी रस्ते बंद करून जागोजागी गाणी-नाच असतं, दुपारपासून पहाटेपर्यंत. सगळ्यांना घेऊन चार-पाचच्या सुमाराला जा. अंधार पडलेला असतो, दिवे लागलेले असतात, गर्दी सुसह्य असते, आणि चौकांत लोक वॉल्ट्झ नाच शिकत असतात. सातपर्यंत घरी या. मध्यरात्री सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या चौकात आई-अण्णांना नेऊ नका, तिथे हलायला जागा नसते आणि फटाके अंगाजवळ फुटतात. बाराला कॅथेड्रलची पुमेरिन घंटा वाजते. 20 टनांहून जड, 1945 च्या आगीत जुनी घंटा फुटली तिचाच धातू वापरून 1951 मध्ये पुन्हा ओतलेली. तुमच्या फौंड्रीवाल्यांना हे नक्की सांगा. टीव्हीवर ती थेट ऐकवतात आणि लगेच डॅन्यूबवरचा प्रसिद्ध वॉल्ट्झ लावतात, घराघरांत माणसं उठून नाचतात. 1 तारखेला सव्वाअकराला नव्या वर्षाची मैफल, तीही टीव्हीवर. शोनब्रुन राजवाडा वर्षभर रोज उघडा असतो, 1 तारखेची दुपार तिथे घालवा. वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढा.

उरलेला दिवस, म्हणजे 30 तारीख, मी झेमरिंगला देईन. हे मी लोणावळ्याचा म्हणून सांगतोय असं समजलात तरी हरकत नाही. व्हिएन्नाहून रेल्वेने सव्वा-दीड तास. 1854 मध्ये सुरू झालेला रेल्वेचा घाट, 16 दगडी पूल, बोगद्यामागून बोगदे, आणि 1998 पासून जागतिक वारसा यादीत. आपला बोरघाट त्यानंतर नऊ वर्षांनी, 1863 मध्ये सुरू झाला. लहानपणी मी खंडाळ्याच्या घाटात बँकर, म्हणजे चढावर गाडी ढकलणारी इंजिनं मागून लागताना बघत मोठा झालो, पुढे रेल्वेच्याच कामाला लागलो. इथे पहिल्यांदा या घाटातून गेलो तेव्हा वळणावर मान आपोआप मागे वळली, शेपटाकडचे डबे बघायला. ज्यांनी आयुष्यभर आंबा घाट, कुंभार्ली उतरवलाय त्या माणसाला हा रस्ता दाखवायलाच हवा. वर घसरगाडी भाड्याने मिळते, लेकीचा दिवस मजेत जाईल. बर्फ कमी असेल तर नुसता घाट बघून परत या.

रेल्वेची तिकिटं जितकी लवकर काढाल तितकी स्वस्त, आणि पाचही जागांचं आरक्षण करा. ते तिकिटात आपोआप येत नाही आणि त्या आठवड्यात लोक उभे असतात. ऑस्ट्रियाच्या रेल्वेत लेकीचं अर्धं तिकीट.

आणि राहायची घरं आत्ताच धरा, इन्सब्रुकचं सगळ्यात आधी. तिथे तो ऐन हंगाम आहे, उशीर केलात तर बजेट तिथेच कोलमडेल. जाहिरातीत लिफ्ट आहे असं लिहिलेलं असेल तेवढ्यावर थांबू नका. इथल्या जुन्या इमारतींत रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पोचायलाच सात-आठ पायऱ्या असतात, आणि काही ठिकाणी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते. घरमालकाला सरळ लिहून विचारा: रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती? आकडा लेखी येईपर्यंत पैसे भरू नका. मालकाचं इंग्रजी कच्चं असेल तर मला इथे संदेश टाका, मी जर्मनमध्ये लिहून देतो.